भूतकाळाची नावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात आजवर पुष्कळ विषयांवर भाषणे झाली. बालसंगोपन झाले, गृहोद्योग झाले, बँकेचे व्यवहार झाले, मधुमेहाचा आहार झाला. व्याकरणावर मात्र कोणी बोलल्याचे मला आठवत नाही; आणि त्यातही परक्या भाषेच्या व्याकरणावर! चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "इंग्रजी बोलणाऱ्यांना स्पॅनिश भूतकाळांची नावे का कळत नाहीत, यावर बोलीन." त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बोला, पण मध्ये चहा ठेवू का?" तेव्हा निदान चहा येईपर्यंत तरी आपण माझे ऐकून घ्याल, अशी आशा आहे.

माझी मुलगी अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरी राहते. १८३६ साली मेक्सिकोपासून फुटून निघालेला हा मुलूख. त्या शहरात आजही निम्म्याहून अधिक वस्ती स्पॅनिशभाषक देशांशी नाते सांगणाऱ्या घराण्यांची आहे. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात स्पॅनिश सतत कानावर पडते. तिथल्या मुक्कामात मी एका सार्वजनिक वाचनालयातल्या विनामूल्य स्पॅनिश वर्गाला जात असे. वर्गात आम्ही अकरा जण होतो. दहा जणांची मातृभाषा इंग्रजी, अकरावी मी. शिकवणाऱ्या बाई मूळच्या मेक्सिकोतल्या, तिथल्या शाळेतून निवृत्त झालेल्या.

वर्तमानकाळापर्यंत सगळे सुरळीत चालले होते. भूतकाळ आला आणि निम्मा वर्ग गडबडला. गंमत अशी की क्रियापदांची रूपे लोकांना पाठ होत होती, अडत होती ती त्यांची नावे. या नावांनी एवढा घोटाळा का केला, हेच मला आज आपल्याला सांगायचे आहे.

प्रथम नावे बाजूला ठेवू आणि रूपे पाहू. 'गाणे' या अर्थाचे स्पॅनिश क्रियापद घेऊ. 'कान्ते' म्हणजे मी गायले. 'कान्ताबा' म्हणजे मी गात होते, किंवा मी गात असे. 'ए कान्तादो' म्हणजे मी गायले आहे. 'आबीआ कान्तादो' म्हणजे मी गायले होते. पाचवे एक रूप आहे, 'उबे कान्तादो', ते बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. ते जुन्या पुस्तकांतच भेटते. म्हणजे कामाची रूपे चारच. मराठी बाईला यात घाबरण्यासारखे काय आहे? आपण ही चारही रूपे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वापरतो.

आता नावे ऐका. आमच्यापुढच्या अमेरिकन पाठ्यपुस्तकात 'कान्ते'चे नाव होते 'प्रेटरिट' आणि 'कान्ताबा'चे 'इम्परफेक्ट'. एका गृहस्थांनी स्पेनमध्ये छापलेले पुस्तक आणले होते. त्यात 'कान्ते'ला 'प्रेतेरितो इन्देफिनीदो' म्हटले होते. दुसऱ्या एकीच्या व्याकरणात त्याच 'कान्ते'चे नाव 'प्रेतेरितो पेर्फेक्तो सिम्प्ले'. आणि आमच्या मेक्सिकन बाई फळ्यावर लिहीत होत्या नुसते 'प्रेतेरितो'. 'कान्ताबा'ला त्या 'कोप्रेतेरितो' म्हणत. एका मुलीला माहेरी एक नाव, सासरी दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे आणि शेजारणींच्या तोंडी चौथे, तसा हा प्रकार. मुलगी एकच!

या नावांत इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी तीन खड्डे आहेत. ते एकेक करून पाहू.

पहिला खड्डा 'प्रेतेरितो' या शब्दाचा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'पलीकडे निघून गेलेला', म्हणजे गत. स्पेनच्या व्याकरणात हे सगळ्या भूतकाळांचे आडनाव आहे. 'प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो', 'प्रेतेरितो पेर्फेक्तो', अशी एकाच आडनावाची सारी भावंडे. इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांनी मात्र तेच आडनाव घेऊन एकट्या 'कान्ते'चे पाळण्यातले नाव करून टाकले. त्यामुळे इंग्रज विद्यार्थी शिकतो की प्रेटरिट वेगळा आणि इम्परफेक्ट वेगळा, दोघांची गल्लत करायची नाही. मग स्पेनचे पुस्तक उघडतो तो काय, 'प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेले! त्याला वाटते छपाईची चूक आहे. चूक कोणाचीच नाही. एकाने आडनावाने हाक मारली आणि दुसऱ्याने नावाने, एवढेच.

दुसरा खड्डा 'पेर्फेक्तो'चा, आणि हा सर्वांत खोल. आजच्या इंग्रजीत परफेक्ट म्हणजे निर्दोष, उत्तम. आणि इम्परफेक्ट म्हणजे सदोष. आमच्या वर्गातल्या एका आजीबाईंनी खरोखरच विचारले, "हे रूप जर सदोष आहे, तर ते शिकायचेच कशाला?" त्यांना हसण्यात अर्थ नाही. शब्दाने जे सांगितले तेच त्यांनी ऐकले. पण लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'शेवटास नेलेले, करून संपवलेले' असा होता. म्हणजे पेर्फेक्तो म्हणजे पूर्ण, इम्पेर्फेक्तो म्हणजे अपूर्ण. आपल्या शालेय व्याकरणातले 'पूर्ण भूतकाळ' आणि 'अपूर्ण भूतकाळ' हे शब्द इथे किती उपयोगी पडतात पाहा! सुयांवर असलेले विणकाम अपूर्ण असते, म्हणून कोणी त्याला सदोष म्हणत नाही. टाके बंद करून ते उतरवले की पूर्ण झाले. लोकर तीच, वीण तीच. 'कान्ताबा' हे सुयांवरचे विणकाम आहे आणि 'कान्ते' हे उतरवलेले.

पण इंग्रज विद्यार्थ्याचा घोटाळा इथे संपत नाही. इंग्रजी व्याकरणात 'परफेक्ट' हे नाव 'हॅव' लावून केलेल्या रूपांना मिळाले आहे. मग 'कान्ते'ला 'प्रेतेरितो पेर्फेक्तो सिम्प्ले' म्हटलेले पाहून तो त्यात 'हॅव' शोधू लागतो, आणि ते तर तिथे नाही. याचे कारण जुने आहे. लॅटिनमध्ये 'मी गायले' आणि 'मी गायले आहे' या दोहोंना मिळून 'कान्तावी' हे एकच रूप होते, आणि त्याला पूर्णतेचे नाव होते. त्या 'कान्तावी'पासूनच स्पॅनिश 'कान्ते' घडले. 'ए कान्तादो' हे जोडरूप पुढे तयार झाले. म्हणजे पेर्फेक्तो या नावावर मुलीचा हक्क आहे आणि जोडरूपाचाही. म्हणून स्पेनच्या अकादमीने १९७३ सालच्या आपल्या व्याकरणाच्या मसुद्यात दोघांनाही पेर्फेक्तो म्हटले आणि एकाला साधे, दुसऱ्याला संयुक्त अशी विशेषणे लावून भांडण मिटवले.

तिसरा खड्डा 'इन्देफिनीदो'चा. अर्थ 'अनिश्चित'. आता बघा, 'काल संध्याकाळी सहा वाजता मी गायले' हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'कान्ते'नेच सांगायचे. वार निश्चित, वेळ निश्चित, गाणे संपलेले. आणि रूपाचे नाव मात्र अनिश्चित! विद्यार्थ्याने डोके धरले तर नवल नाही. त्यातून ज्याने शाळेत फ्रेंच केले आहे त्याची आणखी पंचाईत, कारण जुन्या फ्रेंच व्याकरणांत साध्या रूपाला 'निश्चित' आणि जोडरूपाला 'अनिश्चित' म्हणत, म्हणजे बरोबर उलट. तेव्हा या नावाच्या अर्थावर भार टाकूच नये. ते घराच्या नंबरासारखे समजावे. घर सापडले की नंबराचे काम झाले.

आपण म्हणाल, मग सरळ कळतील अशी नावे कोणी ठेवलीच नाहीत का? ठेवली होती, आणि तीही अगदी आरंभी. १४९२ साली आन्तोनिओ दे नेब्रिहा या पंडिताने स्पॅनिश भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि ते इसाबेल राणीला अर्पण केले. त्याने लॅटिन नावे न ठेवता आपल्या बोलीत 'संपलेला भूतकाळ', 'न संपलेला भूतकाळ' आणि 'संपलेल्याहूनही अधिक संपलेला भूतकाळ' अशी घरगुती नावे दिली. हाच नेब्रिहा त्याआधी काही वर्षे राणीच्या सांगण्यावरून एक लॅटिन प्रवेशिका स्पॅनिश अर्थ शेजारी देऊन लिहीत होता. मठातल्या स्त्रियांना पुरुष शिक्षकांवाचून लॅटिन शिकता यावे, हा त्यातला हेतू. आपल्या मंडळात हे मुद्दाम सांगण्याजोगे वाटले. बायकांना आपले आपण शिकता यावे म्हणून लिहायला बसला, की पंडितालाही सोपे लिहावे लागते.

दुसरा प्रयत्न आन्द्रेस बेय्यो यांचा. कराकस शहरी १७८१ साली त्यांचा जन्म झाला. पुढे लंडनला त्यांनी जवळजवळ एकोणीस वर्षे काढली आणि मग चिली देशात जाऊन तिथल्या विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. १८४७ साली त्यांनी खास अमेरिका खंडातल्या स्पॅनिशभाषकांसाठी व्याकरण लिहिले. त्यात पूर्ण-अपूर्ण ही भाषाच त्यांनी सोडली आणि नावांतून नाते सांगितले. 'कान्ते' हा नुसता भूत. 'कान्ताबा' हा सहभूत, म्हणजे दुसऱ्या एखाद्या गत गोष्टीच्या वेळी चालू असलेला. हाच आमच्या बाईंचा 'कोप्रेतेरितो'. 'ए कान्तादो' हा पूर्ववर्तमान, म्हणजे आजच्या लगतच्या आधीचा. 'आबीआ कान्तादो' हा त्या सहभूताच्याही आधीचा. मेक्सिकोच्या शाळांतून ही नावे आजही शिकवतात. अकादमीच्या २००९ सालच्या मोठ्या व्याकरणात तर जुनी नावे आणि बेय्योंची नावे दोन्ही शेजारी शेजारी दिली आहेत. म्हणजे चार नावांचा हा संसार बहुधा असाच चालणार.

आता कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? नावात काय आहे, बोलता आले म्हणजे झाले. हे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आमच्या वर्गातल्या एका नर्सबाईंची गोष्ट सांगते.

या बाई एका रुग्णालयात रात्रपाळीला असत. तिथे दुभाषी मिळतात. पण तो येईपर्यंत रोग्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून त्या वर्गाला येत. एक दिवस त्यांनी विचारले, "जिना चढताना माझ्या छातीत दुखले, हे कोणत्या भूतकाळात सांगतात?" आमच्या बाईंनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. 'मे दोलिओ एल पेचो क्वान्दो सुबी ला एस्कालेरा.' आणि खाली, 'मे दोलीआ एल पेचो क्वान्दो सुबीआ ला एस्कालेरा.' कानाला फरक किती थोडा! पण पहिल्याचा अर्थ, मी जिना चढले तेव्हा छातीत दुखले. एकदा घडले आणि थांबले. दुसऱ्याचा अर्थ, जिना चढे तेव्हा छातीत दुखत असे. म्हणजे हे दर खेपेला होत होते, आणि थांबले की नाही ते वाक्य सांगतच नाही. या दोन्ही वाक्यांना इंग्रजीत एकच साधे वाक्य चालून जाते, कारण दुखण्याचे 'हर्ट' आणि चढण्याचे 'क्लाइम्ड' ही रूपे दोन्हीकडे तीच. वेगळे सांगायचे तर 'यूज्ड टू' किंवा तसले काही मुद्दाम जोडावे लागते, आणि घाबरलेल्या माणसाचे बोलणे ऐकताना ते कोण जोडणार?

एकदा दुखलेली छाती आणि दर जिन्याला दुखणारी छाती यांत डॉक्टरांच्या दृष्टीने केवढा फरक आहे, ते आपल्यापैकी ज्यांच्या घरी हृदयविकार आहे त्यांना सांगायला नको. नर्सबाई बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे रोगी मला सांगत असतो, आणि मला ते ऐकू येत नसते." त्या दिवसापासून त्या इम्परफेक्टला नावे ठेवीनाशा झाल्या. आपल्या वहीत त्यांनी 'कान्ताबा'च्या रूपांवर एवढेच लिहिले: 'संपले का, ते विचारा.' मला तर हे नाव नेब्रिहा आणि बेय्यो दोघांच्याही नावांहून उपयोगी वाटते.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पुष्कळ पुस्तके सांगतात की थोडा वेळ चाललेल्या क्रियेला 'कान्ते', लांबलेल्या क्रियेला 'कान्ताबा'. हे खरे नव्हे. 'मी माद्रिदला दहा वर्षे राहिले' हे स्पॅनिशमध्ये संपलेल्या रूपानेच सांगतात. वर्षे दहा असोत की शंभर, त्यांचा हिशोब मिटला आहे. उलट 'काल दुपारी दोन वाजता मी जेवत होते' यातले जेवण वीस मिनिटांचे का असेना, आपण ते मधूनच पाहत आहोत. प्रश्न किती वेळ चालले हा नाही. बोलणारी कुठे उभी राहून पाहते हा आहे. दाराबाहेर उभी राहून पाहिले तर 'कान्ते', खोलीत बसून पाहिले तर 'कान्ताबा'.

मला हे लवकर समजले यात माझी हुशारी काही नाही. ते मराठीचे देणे आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेव्हापासून आपल्याकडे काळांची चर्चा चालत आली आहे, आणि शाळेत आपण साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति असे चार भूतकाळ शिकलो. 'मी गात होते' आणि 'मी गात असे' हे आपण दोन मानतो. स्पॅनिश 'कान्ताबा' दोघांना एका पदराखाली घेते. 'मी गायले आहे' याला आपण पूर्ण वर्तमानकाळ म्हणतो, भूतकाळात घालतच नाही. बेय्योंनी त्याला पूर्ववर्तमान म्हटले ते याच दृष्टीने. आणि 'माहीत होते' व 'कळले' यांत आपण जो भेद करतो, तो स्पॅनिश बाई एकाच क्रियापदाने करते: 'साबीआ' म्हणजे मला माहीत होते, 'सुपे' म्हणजे मला कळले. इंग्रजाला दोन्हीकडे 'न्यू' म्हणण्याची सवय. म्हणून तो इथे अडखळतो.

संस्कृत शिकलेल्या भगिनींना तर आणखी एक ओळखीची खूण सापडेल. पाणिनीने भूतकाळाचे भेद सांगताना 'आजचा नसलेला' तो अनद्यतन भूत वेगळा काढला. स्पेनच्या बऱ्याच भागांत आज तसाच भेद चालतो. आज सकाळी गायले असेल तर 'ए कान्तादो', काल गायले असेल तर 'कान्ते'. मेक्सिकोत मात्र आज सकाळचे गाणेही 'कान्ते'नेच सांगतात. एकाच भाषेत दोन देशांची आजची सकाळ वेगवेगळ्या खात्यांत जमा होते! तेव्हा नियम विचारताना कोणत्या गावचा नियम, हेही विचारावे.

भगिनींनो, हे सारे आपल्या उपयोगाचे कसे, ते सांगून संपवते. आपल्या वस्तीत आता गुजराती, तेलुगू, हिंदीभाषक कुटुंबे आली आहेत. काहींच्या घरी सुनाही परभाषक आल्या आहेत. त्यांना मराठी शिकवण्याचा वर्ग मंडळाने काढावा असा विचार चालू आहे, आणि मला तो फार पसंत आहे. त्या वर्गात पहिल्या दिवशी 'रीति भूतकाळ' असे फळ्यावर लिहू नका. 'माझी आई पहाटे जात्यावर दळत असे' हे वाक्य आधी सांगा. 'काल तिने पायली दळली' हे त्याच्या शेजारी ठेवा. दोन्हींत काय फरक वाटतो ते सुनेलाच विचारा आणि तिच्या भाषेत ती हे कसे सांगते तेही ऐकून घ्या. फरक तिच्या ध्यानात आला, की मग नाव सांगा. नाव तेव्हा ओझे होत नाही. वस्तू ठेवायला डबा मिळाला असे होते. आणि डब्यावर दुसऱ्या कोणी निराळी चिठ्ठी चिकटवली असली, तरी झाकण उघडून आत पाहण्याची सवय तिला लागलेली असते.

चहाचा वास येऊ लागला आहे, म्हणजे चिटणीसबाईंनी दिलेली मुदत संपली.  मराठीच्या वर्गासाठी आठवड्यातले दोन दिवस मी देईन. आणखी कोणाला यायचे असेल तर त्यांनी आपले नाव चिटणीसबाईंकडे द्यावे. एवढे बोलून मी आपली रजा घेते.